रोशमारची पाहुणी

"आई, शनिवारी एक गेस्ट आणतेय जेवायला. मराठी आहे. म्हणजे, सॉर्ट ऑफ," हिमानी फोनवर म्हणाली.

सुहासिनीला आनंद झाला. नवरा मोरेश्वरराव गेल्यापासून अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या त्या मोठ्या घरात ती एकटीच राहत होती. बॉस्टनला नोकरी करणारी लेक सणासुदीलाही येईलच याचा भरवसा नसे.

पाहुणीचं नाव प्रतिमा रघू. हिंदी महासागरातल्या रोशमार नावाच्या इवल्याशा बेटाच्या मध्यवर्ती बँकेची ती गव्हर्नर होती. तिच्या पणजोबांना ऊस तोडायला रत्नागिरीहून त्या बेटावर नेलं होतं आणि त्यांचं कुटुंब तिथलंच होऊन गेलं होतं. मागच्या महिन्यात रोशमारच्या दोन्ही मोठ्या बँका बसल्या. एटीएम बंद पडले, पगार अडकले. पैसे मिळतील की नाही या भीतीनं औषधांचं जहाज माल न उतरवताच परत गेलं. प्रतिमा अमेरिकेत कर्ज मागायला आली होती, आणि कर्ज देणाऱ्या गटाच्या वतीनं बोलणी करणाऱ्या कंपनीत हिमानी होती.

त्या गटाला व्याजात फारसा रस नव्हता. त्यांना हवं होतं बेटाच्या उत्तरेचं खोल बंदर, अमेरिकी युद्धनौकांसाठी. तेच बंदर चीनलाही हवं होतं आणि दिल्लीलाही. तिघांना एकमेकांची भीती घालत प्रतिमानं आतापर्यंत बंदर वाचवलं होतं.

सुहासिनीला यातलं काही ठाऊक नव्हतं. "तिच्या कंट्रीला लोन हवंय, आम्ही देतोय," एवढंच हिमानीनं सांगितलं होतं.

शनिवारी प्रतिमा आली. पन्नाशीची, सावळी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. दारातच तिनं वाकून नमस्कार केला आणि एकेक शब्द शोधत म्हणाली, "माझा बापूस असं बोलायचा. मला थोडं येतं. हसू नका हां."

सुहासिनीनं तिला जवळच घेतलं.

तांदळाची भाकरी, भरली वांगी, सोलकढी. सोलकढी प्रतिमाला माहीत नव्हती, पण ती तीन वाट्या प्यायली. वडील गणपतीची आरती म्हणायचे, त्यातले निम्मे शब्द आपण चुकीचे शिकलो हे तिला इथं कळलं, आणि ती खळखळून हसली. जेवण झाल्यावर हिमानी फोन घ्यायला बाहेर गेली. या दोघी स्वयंपाकघरात भांडी आवरायला लागल्या.

"दमलेली दिसतेस गं," सुहासिनी म्हणाली.

प्रतिमाच्या हातातली वाटी तशीच राहिली. "ताई, कोणाला सांगू? दिल्लीनं नाही म्हटलं. चिनी माणसं मंगळवारी बेटावरून सामान बांधून गेली. मी इथं रोज सांगते, ते थांबलेत, ते माझ्यासाठी थांबलेत. कोणी नाही थांबलेलं. तिथं आमच्या इस्पितळात इन्सुलिन संपतंय."

सुहासिनीनं तिचे हात आपल्या ओल्या हातांत धरले.

गाडी पाहुणीला हॉटेलवर घेऊन गेली. हिमानी रात्री राहणार होती. तिला दूध देताना सुहासिनी म्हणाली, "हिमू, तिला मदत कर गं. बिचारीला दुसरं कोणीच नाहीये. दिल्ली नाही म्हणाली, चिनी लोकही गेले."

हिमानीनं कप खाली ठेवला. "एक्झॅक्टली काय म्हणाली ती? तिचे शब्द सांग."

सुहासिनीनं सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत मुलीनं तिचं बोलणं असं मन लावून कधी ऐकलं नव्हतं. तिला बरं वाटलं. हिमानी फोन घेऊन घरामागच्या लाकडी डेकवर गेली तेव्हा, ही आता आपल्या साहेबांना सांगून काहीतरी करेल, अशा समाधानात ती झोपली.

सोमवारी बॉस्टनच्या ऑफिसात प्रतिमासमोर नवा मसुदा आला. आधीच्यात बंदराचा अर्धा भाग होता, पंधरा वर्षांसाठी. आता सगळं बंदर होतं, नव्व्याण्णव वर्षांसाठी, आणि बंदरालगतचं कोळ्यांचं गाव सहा महिन्यांत रिकामं करून द्यायचं होतं.

"हे असेल तर मला बीजिंगशी बोलावं लागेल," प्रतिमा इंग्रजीत म्हणाली. "ते थांबलेत."

हिमानी जराशी पुढे झुकली आणि मराठीत, अगदी हळू म्हणाली, "प्रतिमाताई, ते मंगळवारीच गेलेत ना?"

प्रतिमानं तिच्याकडे पाहिलं. मग पाणी मागितलं. दोन दिवस तिनं आपल्या पंतप्रधानांशी फोनवर वाद घातला, ती रडली, आणि गुरुवारी तिनं सही केली.

शुक्रवारी दुपारी तिनं विमानतळावरून सुहासिनीला फोन केला.

"ताई, एकच विचारायचंय. मला भाकर वाढलीत तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"काय ठाऊक? काय झालं गं?"

प्रतिमानं नव्या मसुद्याचं आणि हिमानीच्या त्या प्रश्नाचं सांगितलं. रिकामं करायचं ते कोळ्यांचं गाव तिच्या वडिलांचं होतं, तिचा भाऊ अजून तिथंच राहत होता.

"मी तिला मदत कर म्हटलं होतं!" सुहासिनी ओरडली. "देवाशपथ, मी तुझ्यासाठीच सांगितलं!"

"तुम्ही दोघी खोटं किती चांगलं बोलता," प्रतिमा म्हणाली. या वेळी ती इंग्रजीत बोलली. त्यानंतर तो नंबर कधीच लागला नाही.

हिमानी पुढच्या रविवारी आली तेव्हा सुहासिनी म्हणाली, "माझ्या घरी जेवलेली बाई होती ती."

"आई, प्लीज. बँका उघडल्या ना त्यांच्या? इन्सुलिन पोचलं ना? मी तिला एन्जॉय करायला आणलं नव्हतं. इट वॉज वर्क."

"म्हणून आणलंस? ती मराठी बोलते म्हणून?"

"तू बोलतेस म्हणून," हिमानी म्हणाली. तिच्या बोलण्यात ना राग होता, ना लाज.

महिन्याभरात रोशमारमध्ये लोकांनी प्रतिमाच्या घरावर दगडफेक केली. देश विकणारी म्हणून तिच्या दारावर काळा रंग फासला. तिनं राजीनामा दिला. तिचा भाऊ गाव सोडायला तयार नव्हता. पोलिसांनी त्याला ओढत नेतानाचा व्हिडिओ सुहासिनीनं फोनवर दोनदा पाहिला. तिसऱ्यांदा तिला पाहवला नाही.

हिमानी कंपनीत पार्टनर झाली. पार्टी श्रूजबरीच्या घरीच ठेवायची असं तिनं ठरवलं. नाही म्हणायचं, असं सुहासिनीनं मनाशी पक्कं केलं होतं. पण नाही म्हटलं तर ही मुलगी यायचीच बंद होईल, हेही तिला दिसत होतं. तिनं आदल्या दिवशी मसाले भाजले.

हिमानीचे साहेब वॉरन, उंच, हसतमुख, प्लेट घेऊन थेट स्वयंपाकघरात आले.

"तुम्हाला भेटायचंच होतं," ते म्हणाले. "रोशमारच्या वेळी तुमच्या या जेवणाच्या टेबलानं आमचे किती आठवडे वाचवले, तुम्हाला कल्पना नाही. हिमानी म्हणते, तुमच्यासमोर कोणीही मन मोकळं करतं."

सुहासिनीनं दारातून बाहेर पाहिलं. हिमानी लोकांच्या घोळक्यात हसत उभी होती आणि तिथूनच तिचं आईकडे लक्ष होतं.

"ते वांग्याचं फार छान झालंय," वॉरन म्हणाले. "अजून मिळेल?"

सुहासिनीनं पातेल्याचं झाकण काढलं आणि त्यांच्या प्लेटमध्ये दोन वांगी वाढली.