साहेबांची मान

पाणीपुरवठा कार्यालयातल्या मोठ्या साहेबांना सगळे पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणत. त्यामुळे एके सकाळी ते मान न वळवता आत आले, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही.

अंगात ताप होता, डोकं ठणकत होतं. पण रजा घेतली तर ते साहेब कसले! उजेड डोळ्यांत खुपू लागला, तसे ते ओरडले, “दिवे बंद करा!” हेडक्लार्कने तातडीने वीजबचतीचं परिपत्रक काढलं. दुपारच्या बैठकीत तर साहेब बरळायलाच लागले. “नळ छतावर बसवा. पाण्याला खाली उतरू देऊ नका.”

“काय दूरदृष्टी आहे!” इंजिनिअर म्हणाला. लगेच उपसमिती नेमली गेली.

संध्याकाळी घरी आल्यावर साहेब बायकोला म्हणाले, “ताई, दमला असाल. बसा ना.”

बायकोच्या हातातला पेला खाली पडला.

“वहिनी, सुधारला असेल दादा,” धाकटा दीर म्हणाला.

“इतक्या वर्षांत सुधारले नाहीत, ते आज सुधारतील? गाडी काढा, भाऊजी!”

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी साहेबांची हनुवटी छातीला टेकते का ते पाहिलं. मान तसूभरही वाकेना.

“मान कधीपासून ताठ आहे?”

“जन्मापासून,” दीर म्हणाला.

मग पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासलं. मेंदूला आणि त्याच्या आवरणांना सूज आली होती.

“अहो, दिवसभर हे असंबद्ध बोलत होते, कुणाच्याच लक्षात आलं नाही?” डॉक्टरीणबाई चिडल्या.

“ऑफिसात होते हो,” बायको रडवेल्या आवाजात म्हणाली.

औषधं सुरू झाली. बायको उशाशी बसून राहिली, त्यांचा तापलेला हात सोडेना. काही दिवसांनी साहेबांनी डोळे उघडले. “तोंड पाडून काय बसलीयस? चहा मिळतो का इथे?” ते खेकसले. आणि ती माउली आनंदाने हुंदके देऊन रडली.

साहेब कामावर परतले, तेव्हा छतावरच्या नळांचं कंत्राट निघालं होतं.

“हा मूर्खपणा कुणाचा?”

“आपलाच, साहेब,” हेडक्लार्क अदबीने म्हणाला.

साहेबांनी कंत्राट रद्द केलं. “आजारपणानंतर ती झेप राहिली नाही हो,” इंजिनिअर हळहळला.

सूज उतरली, पण जाताना दोन्ही कानांचं बरंचसं ऐकणं घेऊन गेली. साहेबांनी तसं वरच्या कार्यालयाला प्रामाणिकपणे कळवलं. वरिष्ठांनी सहानुभूतीने विचार केला आणि त्यांना बढती दिली. आता ते तक्रार निवारण विभागाचे प्रमुख आहेत.