पाटी कुणी पाडली

मित्रांनो, फाटकात उभे राहून तुम्ही मालगाडीचे डबे मोजता ना? एक, दोन, तीन करत पन्नासपर्यंत जाता आणि कंटाळून सोडून देता. तुमचं मोजणं संपल्यावर जो डबा यायचा, तो मी. मी मालगाडीचा सगळ्यात शेवटचा, गार्डाचा डबा. बुटका, तांबडा, दोन्ही टोकांना ओसरी असलेला. आता परळी स्टेशनाच्या बाहेर एका बंद रुळावर उभा आहे. खिडकीतून बाभळीची फांदी आत आली आहे आणि तिला हटकणारं कुणी नाही.

कुठल्या कारखान्यात माझा जन्म झाला ते मला आठवत नाही. तुम्हाला तरी तुमचा जन्म कुठे आठवतो? एवढं आठवतं, की मला एक लाकडी बाक दिला, हातानं फिरवायचं ब्रेकचं मोठं चाक दिलं आणि माझ्या पाठीवर एक लोखंडी हूक जोडला. पंखा दिला नाही, दिवा दिला नाही, प्यायच्या पाण्याची सोय तर विचारूच नका. इंजिनात निदान दोन माणसं असायची, एकमेकांशी बोलायला. माझ्यात गार्ड एकटाच. दहा-दहा तास तो आणि मी, आणि पुढे कोळशाने भरलेल्या मुक्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे.

त्या हुकाला एक पिवळी पाटी अडकवायची असे. तिच्यावर इंग्रजीत दोन अक्षरं होती, त्यांचा अर्थ 'शेवटचा डबा'. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पाटीचं काय कौतुक. तर ऐका. चालत्या गाडीची जोडणी कधीकधी तुटते. पुढची गाडी निघून जाते आणि मागचे डबे रुळावरच राहतात. मागून दुसरी गाडी आली की संपलंच. म्हणून स्टेशनातला माणूस आणि फाटकवाला शेवटच्या डब्याची पाटी बघतात. पाटी दिसली म्हणजे गाडी पुरी गेली. नाही दिसली तर लाल झेंडी दाखवायची आणि स्टेशनाला कळवायचं. त्यात ओळखदेख चालत नाही.

माझे गार्ड गुंडप्पा. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि नियम म्हणजे नियम. परळीहून निघालो की चढावर एक फाटक लागायचं. तिथे आसाराम नावाचा फाटकवाला असायचा. तो हिरवी झेंडी दाखवायचा, गुंडप्पा इकडून हिरवी झेंडी दाखवायचे. कामाचं एवढंच. पण चढावर गाडी बैलगाडीसारखी चालते, त्यामुळे मधे थोडा वेळ उरायचा. त्या वेळात दोघांची दोस्ती झाली. एकोणीस वर्षं झाली, पण दोघं कधी एकत्र बसले नाहीत. फार तर एखादं वाक्य व्हायचं.

"गार्डसायब, पोरगी झाली," असं म्हणून आसारामनं एकदा दुपट्यात गुंडाळलेली दीपमाला वर धरून दाखवली होती. गुंडप्पांनी वैजनाथाचा प्रसाद कागदात बांधून खाली टाकला. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला, आसाराम काठीच्या टोकाला फडकं बांधून वर धरायचा. त्यात बाजरीचे उंडे आणि भज्जी असायची. गुंडप्पा ओसरीतून वाकून ते उचलायचे आणि माझ्या बाकावर बसून एकटेच खायचे. खाताना माझ्याशी बोलायचे, "लई गोड माणूस हाय बरं." मी काय बोलणार? पण मला बरं वाटायचं.

एका दुपारी आम्ही त्या फाटकातून गेलो. गुंडप्पांनी हिरवी झेंडी बाहेर काढली. समोर आसाराम लाल झेंडी हलवत होता. गुंडप्पांना वाटलं, गंमत करतोय. मग गाडी पुढच्या स्टेशनात थांबवली. तिथले स्टेशनमास्तर साहेब चालत माझ्या मागे आले. हूक रिकामा होता.

"मी स्वतः अडकवली होती साहेब," गुंडप्पा म्हणाले.

"मग गेली कुठं?"

 त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. माझ्या हुकाचा जोड आतून तुटला होता. वर रंगाचे थरावर थर बसले होते, म्हणून तो ताठ उभा दिसायचा. गाडीला हिसका बसला की हूक खाली वळायचा, आणि पुढच्या हिसक्यानं पुन्हा वर यायचा. पाटी केव्हाच नाल्यात पडली होती. मित्रांनो, माझा दोष होता आणि माझ्या तोंडून एक शब्द निघत नव्हता. कर्रकर्र वाजण्यापलीकडे मला काय येतं?

गुंडप्पांना महिनाभर गाडीवरून उतरवलं. तेवीस वर्षांच्या कोऱ्या नोकरीवर डाग पडला. ते परत आले ते वेगळेच होऊन आले. पाटी आता सुतळीनं कठड्याला बांधायचे, दोन-दोन गाठी मारून. हुकाला कुणी हात लावला नाही, म्हणून खरं कुणाला कळलं नाही. गुंडप्पांच्या मनानं घेतलं, की फाटकापाशी पाटी जागेवरच होती, पडली ती पुढे कुठेतरी; आसारामला नीट दिसली नाही आणि त्यानं उगाच कळवलं.

"एकोणीस वर्षांत मला वळखलं न्हाई त्यानं," असं एकदा मला म्हणाले. पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

झेंडी ते रोज दाखवायचे. मान मात्र वळवून घ्यायचे. आसाराम एका हातात झेंडी धरून दुसरा हात रामरामासाठी वर करायचा. तो हात तसाच राहायचा. मी शेवटचा, त्यामुळे फाटक लांब जाईपर्यंत मला तो दिसायचा. येळवस आली. आसारामनं काठीवर फडकं धरलं. गुंडप्पा उठलेच नाहीत. त्या दिवसाइतकं एकटं मला या बंद रुळावरही वाटलेलं नाही. अशी चार वर्षं गेली.

मग गुंडप्पा निवृत्त झाले. पुढे माझंही काम काढून घेतलं. आता शेवटच्या वाघिणीला लाल दिव्याची एक पेटी लावतात, ती पुढच्या इंजिनाला आपोआप खबर देते. पेटीला बाक लागत नाही. फाटकाच्या जागी भुयारी रस्ता झाला आणि आसाराम धारूरकडे आपल्या गावी गेला. मला इथे आणून सोडलं. पाऊस आला, गंज आला, रंगाचे पापुद्रे गळून पडले. मागे एका सोमवारी कुणीतरी येऊन माझ्यावर खडूनं फुली मारून गेलं. फुली मारलेल्या डब्याला कापतात, हे मला माहीत आहे.

फुली मारली त्याच सोमवारी गुंडप्पा आले. दर्शन करून आले होते, सोबत बायको शिवकांता.

"ह्या गंजक्या डब्यात काय ठिवलंय तुमचं?" ती म्हणाली.

"बसू दे जरा," ते म्हणाले. हातातली नारळ-बेलाची पिशवी त्यांनी सवयीनं माझ्या हुकाला अडकवली. हूक हळूच खाली वळला. पिशवी पडली, नारळ घरंगळत माझ्या चाकाखाली गेला.

गुंडप्पांनी पिशवी उचलून पुन्हा अडकवली. पुन्हा पडली. मग त्यांनी हूक दोन बोटांत धरून फिरवला, पुन्हा फिरवला.

"काय झालं वो?" शिवकांतानं विचारलं.

"त्यानं खरं सांगितलं होतं," ते म्हणाले. "चार वर्षं मी त्याच्याकडं बघितलं न्हाई." आणि माझ्या पायरीवर बसून ते रडले. म्हातारा माणूस, भर दुपारी.

आठ दिवसांनी ते परत आले. सोबत आसाराम होता. गुंडप्पा धारूरला जाऊन त्याला घेऊन आले होते. आसारामनं हूक वरखाली करून बघितला.

"मी पाटीची जागा तीनदा निरखली वो सायब, मगच लाल काढली," तो म्हणाला. "हात उचलत नव्हता माझा."

"मला म्हाईत हाय आता."

"मंग तवा कावून नाही विचारलं?"

गुंडप्पा वर चढून बाकावरची धूळ पुसू लागले. आसारामनं ताणलं नाही. तोही वर चढला आणि माझ्या बाकावर बसला. एकोणीस आणि चार, तेवीस वर्षं त्यानं मला बाहेरूनच बघितलं होतं. आत पहिल्यांदाच आला.

"इतं एकटंच बसत होता व्हय तुमी?" तो म्हणाला. "दिवा बी न्हाई?"

त्यानं फडकं सोडलं. येळवस नव्हती, तरी उंडे होते. दोघांनी माझ्या बाकावर बसून खाल्ले. निघताना आसारामनं पिशवीतून आपली जुनी हिरवी झेंडी काढली आणि हुकाकडे हात नेला.

"तिथं नको, पडंल," गुंडप्पा म्हणाले. त्यांनी ती कठड्याला बांधली, दोन गाठी मारून. मग दोघं रुळाच्या कडेनं निघून गेले. शेवटच्या डब्याला सगळ्यांची पाठच दिसते, पण या वेळी दोघांनी वळून हात वर केला.

मित्रांनो, माझ्याकडे आता थोडेच दिवस आहेत, म्हणून दोनच गोष्टी मागतो. कुठल्याही वस्तूवर रंग मारण्याआधी तिचा जोड हलवून बघा. आणि फाटकात उभे राहाल तेव्हा इंजिन गेलं की लगेच पाठ फिरवू नका. शेवटचा डबा जाईपर्यंत थांबा. आत कुणी असेल तर हात करा.