सख्ख्या बायकोचा हात

गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची नाटकाची जत्रा, तोंडावर आली आणि नागपूरहून निरोप आला: नटीला गोवर झालाय, नाटकाला येत नाही.

तालमी धुरपताच्याच अंगणात व्हायच्या. चुलीशी बसून नायिकेचं सगळं भाषण तिला पाठ झालं होतं. नायक तिचाच नवरा, तेजराम. ती आतून म्हणाली, "मंग मी करीन नं!"

अंगणातल्या माना दाराकडे वळल्या.

भैयाजी उठले. तेजरामचे थोरले चुलतभाऊ, जवाहरनगरच्या फॅक्टरीत क्लार्क, शिवाय नाटक मंडळाचे अध्यक्ष.

"धिस इज एनॉर्मिटी!"

अर्थ: कोणालाच माहीत नाही.

"म्हंजे काय जी?" तबल्यावरच्या केवळरामने विचारलं.

"म्हंजे असा अधर्म, का त्याच्यापुढं चोरी-छिनाली लहान वाटते."

"बाप्पा! एका शब्दात एवढं?"

"इंग्रजीत मावते."

वापर: दुसऱ्या दिवशी गावभर. वरणात मीठ जास्त, एनॉर्मिटी. बकरीने पोस्टमनची टोपी खाल्ली, एनॉर्मिटी. धुरपता विहिरीवर गेली की बायका हळूच तेच म्हणायच्या. तिला हसू येईना. दरसाल एक नवी बाई तिच्या नवऱ्याच्या हातात हात द्यायची, आणि त्या बाईसाठी भात धुरपताच रांधायची. एकदा तरी तिला तिथं उभं राहायचं होतं.

एका संध्याकाळी अंगणात मंडळाची बैठक बसली. धुरपताने पदर नाकापर्यंत ओढला. भैयाजी तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर, आणि भासऱ्याशी सुनेनं थेट बोलायचं नसतं. म्हणून ती गोठ्यातल्या म्हशीशी बोलली.

"विचार व म्हशी त्याइले, आमचे हे दरसाली परक्या बाईचा हात धरतेत, त्याले काय म्हंतेत?"

"कला," भैयाजींनी म्हशीला सांगितलं.

"आन् सोताच्या बायकोचा धरला तं?"

"चारचौघांत? एनॉर्मिटी!"

म्हशीने शेपटी उडवली. केवळराम फिसकन हसला.

"पण भैयाजी, तुमी उषावहिनीले हात धरून बसमध्ये चढवता नं?"

"तिचे गुडघे दुखतेत बे!"

अंगण हसून लोळलं. भैयाजी चपला शोधत निघून गेले. परवानगी कोणी दिली नाही. पण दुसरी नटीही कोणाकडे नव्हती.

मंडईत तिसरा प्रवेश आला. इतक्या जणींचे हात बिनघोर धरलेला तेजराम बायकोसमोर थिजला. मिशीचा रंग घामाने ओघळला.

"धर नं बे!" केवळराम तबला सोडून ओरडला.

धुरपतानेच त्याचा हात खस्सकन ओढून घेतला.

"एनॉर्मिटी!" मंडप उसळला. "एनॉर्मिटी! वन्समोर!"

तिने पुन्हा धरला.

पहिल्या रांगेत भैयाजी मांडवाच्या छताकडे बघत बसले होते. शेजारी उषाबाई. पदराआड दोघांचे हात एकमेकांत होते, आणि बसल्या जागी गुडघे काही दुखत नसणार. स्टेजवरून धुरपताला सगळं दिसलं.

तिने ते म्हशीलाही सांगितलं नाही.