पडल्यावरच उचलायचं

नूर मोहम्मदच्या पत्राला इसरू गुरुजींनी उत्तर धाडलंच नव्हतं. सिंदेवाहीचा हा बाइंडर. गुरुजींच्या आश्रमशाळेतली फाटकी पुस्तकं त्याच्याकडे बांधायला जात, तेव्हापासूनची दोस्ती. 'माझा लुळा हात गडचिरोलीच्या दवाखान्यात टीव्हीवरचा खेळ खेळून सुधारला. बुधरीबाईले घेऊन जा. जाशील का नाई, तेवढं लिही,' एवढंच त्याने विचारलं होतं. पण गुरुजी लिहायला बसले की पहिल्याच ओळीशी अडत. बायकोचा लुळा पडलेला हात नाहीच सुधारला, तर दोस्ताला काय तोंड दाखवायचं? कागद फाडायचा नि पत्र पुन्हा पुस्तकात ठेवायचं.

शेवटी उत्तर न देताच ते मुलचेऱ्याहून बुधरीबाईंना घेऊन या दवाखान्यात आले. आज मात्र जीव टांगणीला लागला होता. व्यायाम घेणाऱ्या हर्षा मॅडमनी सकाळीच सांगितलं होतं, "गुरुजी, खेळाचं यंत्र एकच, वाट पाहणारे लय. आज बाईंचा हात उठला नाई तं जागा दुसऱ्याले द्यावी लागन."

पडद्यावर झाड होतं. लाल फळं टपाटप खाली येत होती. समोर कॅमेरा. हात उचलला की पडद्यातला हातही उठायचा नि फळ झेलायचा. बुधरीबाईंचा उजवा हात मांडीवर तसाच. फळ पडलं की त्या वाकून जमिनीकडे पाहत, बोटं जराशी हलत. यंत्र रडक्या सुरात वाजे. हुकलं.

"बाई, झेला ना! खाली काऊन पाहून राह्यल्या?"

आणखी एक हुकलं.

"त्यांना समजूनच नाई राह्यलं," हर्षा मॅडम म्हणाल्या आणि बाईंचं नाव खोडायला त्यांनी दवाखान्याच्या कार्डावर पेन टेकवला.

गुरुजींना कारण ठाऊक होतं. पण मॅडम शिकलेल्या, आपलंच चुकलं तर? पत्राच्या पहिल्या ओळीशी अडायचे, तसेच ते अडले. पेन हलू लागला.

"थांबा!" आपलाच आवाज ऐकून ते दचकले. "तिले समजते, मॅडम. ती मोहफुलं वेचणारी आहे. आमच्यात झाडावरचं ओरबाडत नाईत. पडल्यावरच उचलायचं. ती पडायची वाट पाहून राह्यली."

"नाई तं काय!" बुधरीबाई फणकारल्या. "हवेत झडप घालायले मी काय माकड आहो?"

हर्षा मॅडमना हसू आवरेना. पण पेन हातातच होता. "हात खांद्यातून उठला पाह्यजे, बाई. आणखी एकच डाव मिळन."

गुरुजी बायकोच्या कानाशी वाकले. "बुधरी, ही फळं नाईत. पोपट आहेत. आपल्या लोंब्या निसवलेल्या धानावर उतरून राह्यले."

पहिला उतरला. दुसरा उतरला. हात मांडीवरच होता.

"हाड् हाड्! तुया बापाचं धान आहे काय रे!"

मांडीवरचा हात उठला. छातीशी येऊन थरथरला, तिथेच अडला. वरून आणखी एक आला, तसा हात हिसका देऊन खांद्यापर्यंत गेला. पडदा चमचमला.

हर्षा मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "सोमवारी या."

"ते मेले सोमवारी वापस येतात काय?" बुधरीबाईंनी विचारलं.

बाहेर, फाटकाजवळच्या पोस्टाच्या पेटीशी उभं राहून गुरुजींनी नूर मोहम्मदला पोस्टकार्ड लिहिलं. 'आलो आहोत. आज हात उठला. पुढचं ठाऊक नाही. उशीर झाला, रागावू नको.' पुन्हा वाचलं. 'रागावू नको' जरा लाचार वाटतं का? त्यांची बोटं कार्डाच्या कडेवर घुटमळू लागली.

"कितीक वाचता! द्या इकडे."

बुधरीबाईंनी कार्ड उजव्या हातात धरलं, डाव्याने कोपराला आधार दिला. पेटीचं तोंड छातीच्या वर होतं. कार्ड एकदा कडेला आपटलं. गुरुजींनी मदतीला हात पुढे केला आणि मागे घेतला. दुसऱ्यांदा ते आत सरकलं.

"पडलं," त्या म्हणाल्या. "आता उचलन तुमचा दोस्त."