लाकडी पक्ष्यांच्या रांगेत

बेटावरचा वारा असा, की दार उघडायचं तर आधी त्याची परवानगी घ्यावी लागे. छपरावर जाळं, जाळ्याला दगड बांधलेले, तरी पत्रे कुरकुरत राहायचे. त्या घरात पाहुण्यांची उठबस करता करता मावशींचे केस पिकले. पाहुणे मावशी म्हणत, म्हणून नवराही चारचौघांत मावशीच म्हणे.

पूर्वी लोक कड्यावरच्या पक्ष्यांसाठी येत. मोठे, पांढरे, पिवळ्या चोचीचे आणि माणसाला अजिबात न भिणारे. पुढे उंदरांनी अंड्यांचा फडशा पाडला आणि पक्षी येईनासे झाले. मग वनखात्याने उंदरांचा नायनाट केला, आणि होडी चालवणाऱ्या मावशींच्या नवऱ्याने लाकडाचे पक्षी कोरून कड्यावर मांडले. आपले भाऊबंद बसलेले दिसले की खरे पक्षीही उतरतात, असं खात्याचं म्हणणं. पक्षी वरून जात, खाली बघत आणि पाहुणचार नाकारल्यासारखे पुढे निघून जात. यंदाही घरटं झालं नाही तर पाहुण्यांचं घर बंद, होडी बंद, असा खात्याचा निरोप आला होता. मग शहरात मुलाकडे, तिसऱ्या मजल्यावर. मावशींच्या घशाखाली ते उतरत नव्हतं.

अशात दातांची एक डॉक्टरीण आली. दोरी धरून कड्यावर गेली आणि चष्म्यावर खारे तुषार वाळलेले, तशीच नाचत जेवायला परतली.

"मावशी, रांगच्या रांग बसलीय! किती शांत पक्षी हो! जागचे हलत नाहीत. एकाने तेवढी मान वळवली."

नवऱ्याचा चमचा हवेतच थांबला. "शांत आहेतच," तो म्हणाला. "कधी उलटून बोलत नाहीत."

मावशींनी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"तुमच्या वनखात्याचे साहेब माझेच पेशंट," डॉक्टरीण म्हणाली. "माझ्यापुढे तोंड उघडून बसले, की सांगतेच त्यांना. डोळ्यांनी पाहिलंय म्हणावं!"

स्वयंपाकघरात नवरा कुजबुजला, "आपण कुठं खोटं बोललो? तिनं पाहिलं, ती सांगेल."

"आणि साहेब बघायला आले म्हणजे? तुमची लाकडं पंख फडफडवणार?"

"ते येईपर्यंत वर्ष जाईल गं. वर्षात काय वाट्टेल ते होतं."

एक वर्ष! मावशी पातेलं घासत खिडकीतून समुद्राकडे बघत राहिल्या. मोह काही थोडाथोडका नव्हता. पण बाहेर डॉक्टरीण आपल्याशीच गुणगुणत होती, आणि ते ऐकून मावशींना कसंनुसं झालं.

"आपल्या ताटावर जेवलेली बाई," त्या म्हणाल्या, "आणि आपण तिलाच तोंडघशी पाडायचं? मी सांगून येते."

नवऱ्याने डोक्याला हात लावला, पण मावशींचे बूट त्यानेच पुढे सरकवले.

डॉक्टरिणीला घेऊन त्या कड्यावर गेल्या, तर तिथे वाऱ्यात उभं राहणंही कठीण. मावशी ओरडूनच म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, रागावू नका. हे ऐका!" त्यांनी पहिल्या पक्ष्याच्या डोक्यावर बोटाने ठोकलं. टक.

"म्हणजे मी मघाशी लाकडाला... आणि त्याला मी शहाणं बाळ म्हटलं!"

"माझा नवरा कोरतोच तसं." मावशी पुढे सरकल्या. घर गेलं, आता गेलंच. मागे वळून न बघता त्या एकेकाला ठोकत निघाल्या. "हाही लाकूड." टक. "हाही." टक. "आणि हा..."

टक झालं नाही. बोटाला काहीतरी मऊ, कोमट लागलं, आणि पाठोपाठ कचकन चिमटा बसला.

"आई गं!"

लाकडी शेजाऱ्याला टेकून तो रागावून बसला होता. पोटाखाली गवताचं घरटं, आणि त्यातून डोकावणारं एक पांढरं अंडं.

डॉक्टरिणीने चष्मा ओढणीला पुसला, वाकून पाहिलं आणि टाळ्याच पिटल्या. "मी म्हटलं नव्हतं, एकाने मान वळवली म्हणून? तुम्ही दोघांनी मला वेड्यात काढलंत!"

"काढलं हो, काढलं," मावशी रडत आणि हसत म्हणाल्या.

"बोट द्या इकडे. रक्त येतंय, पट्टी लावते."

मावशींनी हात छातीशी ओढून घेतला.

"थांबा जरा. आधी ह्यांना दाखवू द्या."