नॉर्मन क्रॅब्ट्रीची राख

माणसाची राख गवत जाळते, हे लोकांच्या डोक्यात काही केल्या शिरत नाही. आयुष्यभर ज्या मैदानाकडे बघून घसा फोडला, मेल्यावर तिथेच पडायचं, हा आमच्या ब्रॅकनशॉ गावाचा हट्ट. आणि निस्तरायचं कोणी? मी, सेफ्टननं. एकतीस वर्षं या फुटबॉल क्लबाचं मैदान राखतोय. शेवटी मी माझी रीत ठरवून टाकली. उधळाउधळ चालणार नाही. गोलखांबाच्या मागे हिरवळीचा चौकोन फावड्यानं अलगद उचलायचा, खाली राख ठेवायची, चौकोन परत बसवून पायानं दाबायचा. क्लबातर्फे कोणीतरी टोपी काढून उभं राहतं. संपलं.

नॉर्मन क्रॅब्ट्रीनं मात्र मरता मरता अट घातली की राख संघाच्या मॅनेजरनं स्वतःच्या हातानं ठेवायची. आता कमाल बघा. कालव्याकडच्या गोलामागे उभं राहून दर शनिवारी मॅनेजरच्या नावानं शिमगा करायचा तो हाच नॉर्मन. 'थॉर्नली, घरी जा' ही आरोळी त्यानंच सुरू केलेली. त्याची बायको एनिड ही इच्छा सांगायला आली, तेव्हा मला वाटलं गॅफर तिला वाटेला लावतील. मॅनेजरला आम्ही सगळे गॅफरच म्हणतो. पण ते म्हणाले, मंगळवारी दोनला या, मी आहे.

त्याच मंगळवारी सकाळी अकराला क्लबानं त्यांना काढलं. ओळीनं सात सामने हरलो होतो, त्यामुळे धक्का कोणालाच बसला नाही. पण काढायची तऱ्हा? सहा वर्षं राबलेल्या माणसाला दहा मिनिटांत बाहेर. किल्ल्या काढून घेतल्या, गाडी काढून घेतली. एक खोकं काखेत मारून ते पायी बस थांब्याकडे गेले, फाटकावरचे फोटोवाले पाठीमागे. चेअरमन खाली येऊन मला बजावून गेले की थॉर्नलीला आत पाऊल टाकू द्यायचं नाही, दिलंस तर तूही त्याच्या मागोमाग जाशील. क्रॅब्ट्रीबाईंचं काय, असं मी विचारलं. त्यांच्या ते गावीही नव्हतं. म्हणाले, तूच उरकून टाक की.

उरकून टाक! जुनं सामान आहे का ते?

पावणेदोनला बाई आल्या, दोन बस बदलून. ठेवणीतला कोट, हातात पिशवी, पिशवीत बरणी. सकाळची बातमी त्यांच्या कानावर आलेली नव्हती. राख ठेवली की मग मला झोप येईल, असं म्हणाल्या. नवऱ्याचं एवढं एकच मागणं राहिलं होतं आणि ते पुरं होईल या भरवशावर बाई तीन आठवडे तगून होत्या. सांगू तरी काय?

तेवढ्यात मागच्या फाटकावर थाप पडली. माझा ट्रॅक्टर येतो-जातो ते फाटक, त्याची किल्ली माझ्याकडेच असते. बाहेर गॅफर उभे. काळा कोट, काळा टाय, चिखलानं भरलेले बूट. कालव्याच्या काठानं चालत आले होते.

"सेफ्टन, दोन वाजत आले. मी शब्द दिलाय. उघडतोस?"

माझी नोकरी त्या कुलपात होती. पण उघडलं.

कालव्याकडच्या गोलखांबामागे चौकोन मी आधीच कापून ठेवला होता. गॅफर चांगल्या पँटीनिशी ओल्या मातीत गुडघ्यांवर बसले. मी खुरपं पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही. ओंजळी ओंजळीनं राख ठेवली, इतक्या सावकाश, की मला माझ्या गवताची आठवणसुद्धा राहिली नाही. ज्या माणसानं यांना हाकलायला जन्म वेचला, त्याला हे मातीत निजवत होते, आणि तेही ज्या दिवशी त्याचं म्हणणं खरं झालं त्याच दिवशी. चेहऱ्यावर कडवटपणाची रेघ नाही. असं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं.

बाईंनी त्यांचा मातकट हात धरला. "तुम्ही दर शनिवारी इथेच असता ना? त्याला तेवढी हाक मारत जा हो. त्याला एकट्याला राहायची सवय नाही."

मी खाली बघायला लागलो.

"मारेन की," गॅफर म्हणाले. "दर शनिवारी."

बाईंना बसमध्ये बसवून आलो आणि माझा तोल गेला. म्हातारीला खोटी आशा कशाला लावलीत, असं मी तोंडावर विचारलं. त्यांनी गुडघे झटकले आणि ते कालव्याच्या वाटेला लागले.

शनिवारी नवा मॅनेजर आला. मी कालव्याकडच्या बाजूला जाळी तपासत होतो. सामन्याला अर्धा तास होता आणि गोलामागची गर्दी खच्चून भरलेली. एकदम तिथला गलबला थांबला. मान वर केली तर गॅफर. सगळ्यांसारखं तिकीट काढून, मफलर गुंडाळून, ते पायऱ्या उतरत होते. मंगळवारपर्यंत जी माणसं त्यांना घरी जा म्हणून ओरडत होती, नेमक्या त्यांच्यातून.

ते थेट पुढच्या कठड्यापाशी आले. "काय नॉर्मन," खांबाकडे बघून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "वारा आहे आज."

चारशे माणसांत कोणी हसलं नाही. हळूहळू टोप्या उतरायला लागल्या, आधी पुढची रांग, मग मागच्या. नॉर्मनच्या मागोमाग सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचा तो धिप्पाड खाटीक कठड्याशीच होता. तो बाजूला सरकला आणि नॉर्मनची जागा मोकळी करून दिली.

मग हातातला चहाचा पेला त्यानं पुढे केला. "घ्या, गॅफर. मी अजून तोंड लावलेलं नाही."