वेटिंग एकवर आलंय

"वो ठीक है, लेकिन सुबह पानी कितने बजे छोडते हो?"

"सर, चौबीस घंटा."

"हां हां. मगर टाइम क्या है? पाँच का, के साडेपाँच का?"

"सर, चौबीस घंटा पानी है."

आमच्या ह्यांनी फोनवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "खोटं बोलतोय गं. चोवीस तास कुठेच नसतं."

फोन स्पीकरवर होता. हैदराबादच्या हॉटेलातला तो पोरगा सगळं ऐकून फसकन हसला. मेघनाने उशीत तोंड खुपसलं आणि आतल्या आत किंचाळली. "पप्पा, प्लीज यार! तीन स्टार हॉटेल आहे ते! तिकडे कोण पाणी सोडत नाही!"

"कुणीतरी सोडत असणारच ना, बेटा," हे म्हणाले. "आपोआप कसं येईल?"

माझा नवरा सीताराम पालिकेत व्हॉल्व्हमन आहे. कल्याण पूर्वेच्या आमच्या भागातल्या चाळीस इमारतींचं आणि सात चाळींचं पाणी तो सोडतो. पुरुषभर उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून पहाटे साडेतीनला घराबाहेर पडायचं, रस्त्यातल्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यांत ती चावी घालून फिरवायची, मग चावीच्या दांड्याला कान लावून खालून पाणी गेलं की नाही ते ऐकायचं. सव्वीस वर्षं हेच. लग्नानंतर आम्ही फिरायला म्हणून कुठे गेलो असू तर खडवलीला, नणंदेकडे. नदीत पाय बुडवून बसायचं आणि संध्याकाळी परत.

मेघनाला दहावीला एक्क्याण्णव टक्के पडले. हे पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले आणि उत्साहात बोलून बसले, "बोल, कुठलं शहर बघायचं? तू म्हणशील तिथे." ती म्हणाली हैदराबाद. तिला मॉल आणि बिर्याणी हवी होती. पण ह्यांचे डोळे एकदम भरून आले. माझ्या सासूबाई मीराबाई, त्यांच्या पेटीत एका जुन्या कॅलेंडरचं पान होतं. हैदराबादच्या तळ्यात मधोमध उभा असलेला बुद्ध. सासूबाईंना तो बघायचा होता, ते राहूनच गेलं. आता ह्यांना बघायचा होता. सगळ्या ट्रिपमध्ये ह्यांचं म्हणून एवढंच मागणं होतं.

मग काय विचारता! रोज संध्याकाळी कागद घेऊन बसायचे. पाणी सोडायच्या वेळापत्रकासारखे रकाने आखले, दिवस पहिला, दिवस दुसरा. 'दिवस तिसरा, स. ९. बुद्ध. बोट. तिघे.' त्याच्याखाली पट्टीने दोन रेघा.

मी ठाण्याला, नौपाड्यात दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणून सांगते, त्यामुळे घरी आल्यावर माझंही बंद नसतं. पण ज्या दिवशी उघडायला हवं होतं, त्या दिवशी उघडलं नाही. ते सांगायलाच बसलेय.

ट्रिपचे कपडे घ्यायला म्हणून एका रविवारी तिघं नौपाड्यात आलो. मेघनाला जीन्स घेतली, ह्यांनी स्वतःला निळी टोपी घेतली. दुकानातून बाहेर पडलो तर हे थबकले. फूटपाथच्या कडेला डांबर ओलं होतं.

"लाइन फुटलीये खाली," हे म्हणाले.

"अहो, फुटू द्या. आपली आहे का ती?"

"ऐकून तरी बघतो."

पिशवीत कायम असणारा तो हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, एक टोक रस्त्याला आणि दुसरं कानाला लावून चक्क गुडघ्यांवर बसले. नौपाड्याच्या भर रस्त्यात! डोकं खाली, बूड वर, डोळे मिटलेले. रिक्षावाले हॉर्न मारायला लागले. आणि नेमक्या तेव्हाच समोरून मेघनाच्या तिथल्या क्लासच्या दोन मुली आल्या, आइस्क्रीम खात.

"हे बघ ना, हा अंकल काय करतोय!" एक म्हणाली आणि तिने मोबाईल वर केला. "तुमच्यासोबत आहे का गं हा?"

मेघना म्हणाली, "नाही गं. कोण वेडा आहे, काय माहीत."

मी तिच्या शेजारी उभी होते, हातात ह्यांच्या टोपीची पिशवी. मला वाटलं, आता बोलावं. म्हणावं, वेडा नाही, बाप आहे हिचा. पण त्या मुलीची आई आमच्या दवाखान्यात यायची, मला ताई म्हणायची. मी दुकानाच्या काचेतले ड्रेस बघत राहिले. मुली गेल्यावर हे उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "बरीच गळतेय. कळवायला पाहिजे इथल्या ऑफिसला." चार फूट खालचं पाणी ऐकणारा माणूस तो, त्याला चार फुटांवरचं ऐकू गेलं नसेल असं मी त्या दिवशी स्वतःला समजावलं.

त्याच संध्याकाळी मेघनाने तिकिटं काढायला मोबाईल घेतला. हे संध्याकाळचं पाणी सोडायला गेले होते.

"मम्मी, पप्पा आले तर मी नाही येणार. सीरियसली. तिकडे पण ते गटारात कान घालून बसतील."

"अगं, पैसे त्यांचे, हौस त्यांची."

"मग त्यांनाच जाऊ दे." ती माझ्याकडे बघत थांबली. "दोनच काढू? त्यांना सांगू, तुमचं वेगळं काढायला लागलं, वेटिंग आलं."

पोरीला नावं ठेवू नका. ती सोळा वर्षांची होती, मी त्रेचाळीसची. मला चार दिवस पहाटेचा तो गजर नको होता. गंजाच्या वासाचे शर्ट नको होते. डायनिंग हॉलमध्ये बशीत ओतून फुर्र करून चहा पिणारा नवरा नको होता. हॉटेलात मी कुणाची बाई आहे ते कुणाला कळू नये, असं मला वाटलं. आहे हे असं आहे.

"काढ," मी म्हणाले.

त्या दिवसापासून हे रोज घरात आल्या आल्या विचारायचे, "मेघू, वेटिंग किती?"

"चौदा, पप्पा."

दुसऱ्या दिवशी अकरा. मग नऊ. मग पाच. पोरगी वाटेल तो आकडा ठोकून द्यायची आणि हे खूश होऊन बाहेर जाऊन सगळ्यांना सांगायचे. त्यांच्या जागी चार दिवस पाणी सोडणारा धाकू, पाण्याच्या टाकीवरचा वॉचमन, शेजारच्या आवडाबाई, सगळ्यांना रोजचा आकडा माहीत असायचा.

"आता कमी कशाला करतेस गं? एकदाच नाही म्हणून टाक," मी एकदा म्हटलं.

"अगं, बघ ना कसले खूश होतात!" मेघना हसली. आणि खरं सांगते, मीही हसले.

निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "पप्पा, वेटिंग एकवर आलंय!" ह्यांनी टाळी वाजवली. दाढी केली, पांढरा शर्ट इस्त्री करून आणला. चार दिवस घरात कुणी नसणार, पाण्यात डास होतील म्हणून पिंप उपडं करून ठेवलं. आवडाबाईंना सांगून आले, "जयभीम बाई, उद्या निघतो. बुद्ध बघून येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी कल्याण स्टेशनवर हे निळी टोपी घालून आमच्या पुढे चालत होते. दोन्ही खांद्यांवर आमच्या बॅगा, हातात स्वतःची. मेघनाने पाण्याची बाटली मागितली तर रागावले. "पाणी विकत घेतात का कुठे? घरून आणलंय ना! सव्वीस वर्षांत मी पाण्याला पैसे दिले नाहीत."

गाडी लागली. आम्ही चढलो. हे खालीच थांबले.

"एकाचाच तर प्रश्न आहे," म्हणाले. "टीसीला विचारून येतो. मेघू, मोबाईल दे."

"पप्पा, राहू द्या ना. नसेल झालं."

"अगं, विचारायला काय जातंय?"

मोबाईल घेऊन गेले. खिडकीतून मला दिसत होते. त्यांनी टोपी काढून टीसीला नमस्कार केला, मोबाईल पुढे केला. टीसीने आपल्या हातातल्या, यादी लावलेल्या पाटीवर बोट फिरवलं, काहीतरी बोलला. ह्यांनी पुन्हा विचारलं. टीसीने ती पाटीच त्यांच्यापुढे धरली. हे वाकून बघत राहिले. मग टोपी डोक्यावर ठेवली आणि आले.

"नाही झालं गं," म्हणाले. "एकवरच अडकलं बघ."

आत येऊन आमच्या बॅगा बाकाखाली सरकवल्या, चेनला कुलूप लावलं. खिशातला तो रकान्यांचा कागद मेघनाला दिला. "बुद्धाची बोट सकाळचीच घ्या. नंतर गर्दी होते." गाडी हलली तेव्हा हे फलाटावर आपली बॅग घेऊन उभे होते, हात हलवत.

कर्जत गेल्यावर टीसी आमच्या डब्यात आला. तिकीट बघून म्हणाला, "ते टोपीवाले तुमचे मिस्टर का? अहो, त्यांना कुणीतरी फसवलंय. तिसरं तिकीट काढलेलंच नाही. त्यांना दाखवलं मी, दोनच नावं आहेत. म्हटलं एजंटची तक्रार करा. तर म्हणाले, नको साहेब, माझीच चूक असेल."

मेघनाने कानात हेडफोन घातले. ह्यांनी निवडून दिलेल्या मेथीचे पराठे होते डब्यात. आम्ही ते खाल्ले.

हॉटेलात पाणी चोवीस तास होतं. मॉल झाला, बिर्याणी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मेघना उठलीच नाही आणि संध्याकाळी बोटीला ही रांग. आम्ही काठावरूनच परत फिरलो. मी रोज फोन करायची. हे अगदी कुजबुजल्यासारखं बोलायचे. "ठीक आहे. मजा करा. ठेवतो." मला वाटलं, रुसलेत. रुसू देत, म्हटलं.

परतीची गाडी सकाळी कल्याणला आली. उतरलो तर हे फलाटावर उभे. तोच पांढरा शर्ट, तीच टोपी, हातात तीच बॅग. दाढी वाढलेली.

"अहो, बॅग कशाला आणलीत?"

"चला," एवढंच म्हणाले आणि आमच्या बॅगा खांद्यावर घेतल्या.

चाळीत शिरलो तेव्हा बायका नळावर होत्या, धाकूही तिथेच होता. "आले, आले हैदराबादवाले!" आवडाबाई ओरडल्या. "काय सीतारामभाऊ, कसं आहे शहर?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चार दिवस हे चाळीत कुणाला दिसलेच नव्हते.

"चांगलं आहे," हे म्हणाले. "हॉटेलात चोवीस तास पाणी. खरंच."

"काय सांगता! आणि बुद्ध पाहिलात? बोटीत बसलात?"

ह्यांनी बॅग जमिनीवर टेकवली. खाली बघून टोपी काढली. मेघनाने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हो काकू," ती म्हणाली. "पप्पा तर घाबरले बोटीत. माझा हात सोडत नव्हते."

सगळ्या हसल्या. हेही हसले.

पुढच्या दाराला कुलूप होतं, आम्ही लावलं होतं तसंच. मी ते उघडून आत गेले. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कोंदट वास. मागचं दार मात्र कडी न लावता नुसतंच लोटलेलं. पिंप मोरीत उपडं होतं तसंच होतं. नळ चाळीच्या पुढच्या बाजूला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. तिथे हंडा घेऊन जायचं तर हैदराबादहून कसं जाणार?

मोरीच्या कोपऱ्यात स्टेशनवर मिळतात तसल्या पाण्याच्या सहा बाटल्या भिंतीला लावून ओळीने ठेवल्या होत्या. पाच रिकाम्या. सहावीत दोन घोट उरलेले, झाकण घट्ट लावलेलं.

बाहेर हे धाकूला विचारत होते, पाणी वेळेवर सोडलं होतंस ना रे.